खलासचा हंगाम

जुलै आला की मस्कतमधल्या आमच्या हमरियाच्या गल्लीत दुकानांपुढं पुठ्ठ्याच्या पेट्या मांडल्या जातात. आत ताजा खजूर. आपल्याकडं उपासाला मिळतो तो काळा, चिकट, वजनाखाली चेपलेला ऐवज नव्हे. हा मधाच्या रंगाचा, पातळ सालीचा, उचलताना बोटांत सांभाळावा लागणारा. दुकानदार ओरडतो, "खलास! खलास! ताजा खलास!" नवीन आलेला माणूस बिचारा समजतो की माल संपला, आणि पुढं निघून जातो. मी थांबते. ह्या शब्दानं एकदा माझी चांगलीच फजिती केली होती, तेव्हापासून आमची ओळख आहे.

अरबी माणसाचं खलास म्हणजे संपलं, झालं, पुरे. मराठी माणसाचं खलास म्हणजे माणूस गेला, कायमचा. आणि इथल्या बागांतला खलास म्हणजे खजुराची एक जात, माझ्या मते सगळ्यांत गोड. एकाच शब्दात शेवट, मरण आणि तोंड गोड करणं. एवढा काटकसरी शब्द मी दुसरा पाहिला नाही.

परवा एक पेटी घेऊन वर आले. घर नेहमीच्या दुपारसारखं. मुलगा आणि सून ऑफिसात, भांडी पालथी, एसीची घरघर. आणि सानवीचं दार बंद. सानवी माझी नात, अठरा वर्षांची. हंगाम संपता संपता ती शिकायला कोरियाला चालली आहे. गेला आठवडाभर ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कसं? "ओके आजी." "नंतर." "नको, भूक नाहीये."

चूक कुणाची, ते सांगायला पंचांची गरज नाही. जेवणाच्या टेबलावर तिनं तिकडच्या हॉस्टेलच्या खोलीचे फोटो दाखवले. सगळे वाकून बघत होते. आणि मी म्हटलं, "जा, जा. मी आहे भिंतींशी बोलायला. भिंती निदान मराठीत ऐकून तरी घेतात." वाक्य म्हणून उत्तम होतं. नेमही चुकला नाही. पोरीनं ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं. तिनं जाऊ नये असं मला मुळीच म्हणायचं नव्हतं. म्हणायचं होतं दुसरंच काहीतरी, पण ते तोंडात यायच्या आधी हे बाहेर पडलं. आता ती विमानात बसायच्या आत ते दुसरं काहीतरी सांगता आलं नाही, तर आमच्या दोघींमध्ये भिंतींचं वाक्य तेवढं राहणार. माझ्या वयाला अशी वाक्यं मागं ठेवणं परवडत नाही.

त्यात भर म्हणून माझी निळी शालही ह्याच आठवड्यात हरवली. बाहेर तवा तापलेला आणि आत एसीचा हिवाळा, अशा देशात म्हातारीला शालीवाचून बसता येत नाही. कपाट, सोफा, वॉशिंग मशीन, सगळीकडं पाहिलं. शेवटी खांद्यावर टॉवेल टाकून खजुराच्या पेटीसमोर बसले, पहिला खलास तोंडात टाकला, आणि बसल्या जागी इब्रीला पोचले.

इब्री म्हणजे मस्कतपासून लांब, आतल्या अंगाला, वाळवंटाच्या तोंडाशी बसलेलं गाव. किल्ला, बाजार, खजुरीच्या बागा, बागांतून खळखळत जाणारे पाण्याचे पाट. चाळीसेक वर्षांपूर्वी ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तिथं पाइपलाइनच्या कामावर बदली झाली. हे सर्व्हे इंजिनिअर. मी त्यांची नवी कोरी बायको, एम.ए. इतिहास, पुण्याहून थेट आयात. माझ्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती, आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असे. भेटायला मुळात कुणी नव्हतंच, म्हणून पाववाल्यालाही सांगितली असेल.

त्या उन्हाळ्यात मला इब्रीनं पहिला धडा नळापाशी शिकवला. गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी, कारण टाकी गच्चीवर उन्हात. गिझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा, की सावलीतलं गार पाणी मिळतं. सगळं उलटं. मी आठ दिवस हात भाजून घेतले, पण शेजारणीला विचारलं नाही. इतिहासाची एम.ए. नळाबद्दल विचारते म्हणजे काय!

दुपारी गाव मरून पडायचं. दुकानं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी पलंगावर पडून एसीचा आवाज ऐकायची. त्या आवाजात हळूहळू माणसांचं बोलणं ऐकू येऊ लागतं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. मला पुण्याच्या आमच्या गल्लीतला भंगारवाला ऐकू यायचा. स्पष्ट. मी उठून खिडकीशी जायची. खिडकीबाहेर पांढरं ऊन.

आमच्या डाव्या हाताच्या घरात साकाईसान राहायचे, जपानी सल्लागार. उजव्या हाताच्या घरात मिस्टर हान, कोरियन कंत्राटदाराचे इंजिनिअर. दोघंही पन्नाशीचे, दोघांचीही कुटुंबं मायदेशी. पहिल्याच आठवड्यात पहाटे मला "मेन! मेन!" अशा किंकाळ्या ऐकू आल्या. त्या दिवसांत आमच्या घरांची वीज सारखी गोंधळ घालायची. मी धावत गेले आणि मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, एसी थांबला, हे घामाघूम होऊन उठले.

"लाइट कुणी घालवली?"

"अहो, साकाईंना शॉक लागलाय बहुतेक! ते ओरडतायत मेन, मेन!"

ह्यांनी खिडकीतून पाहिलं. शेजारच्या गच्चीवर साकाईसान बांबूची तलवार घेऊन हवेला मारत होते. जपानी तलवारीच्या खेळात 'मेन' म्हणजे डोकं. कुठं मारणार ते ओरडून मारायचं, हा नियम. न ओरडता बसलेला घाव धरतच नाहीत. हे सगळं ह्यांना आधीपासून ठाऊक होतं. मला सांगितलं का नाही? तर, "तू विचारलं नाहीस."

हानसाहेबांची गोष्ट वेगळी. नाव हान, पण हाणामारीला कधी जवळ येणार नाहीत. ते संध्याकाळी धनुष्य घेऊन गावाबाहेरच्या वादीत जात. वादी म्हणजे कोरडी नदी. आपल्याला आधी सावंतवाडी आठवते, तो भाग निराळा. धनुष्य शिंगाचं, बुटकं, आणि ते त्याला बेडरूमच्या एसीत ठेवत, कारण उष्णतेनं त्याचा सरस सैल पडतो म्हणे. दोरी उतरवली की ते धनुष्य उलट्या बाजूला वळून पार कडं होऊन बसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं वाकलं. मी हळहळले. "इस्त्री करून पाहू या का?" असंही विचारलं. हानसाहेबांनी मान लववून आभार मानले. हसले नाहीत. त्यांच्या ह्या सभ्यपणामुळं मला माझा मूर्खपणा कळायला आणखी महिना लागला.

शुक्रवारी सुट्टी. दोघंही आमच्याकडं जेवायला येत. साकाईसानना आमटी आवडायची, हानसाहेब स्वतःची आंबवलेली कोबी डब्यात आणत आणि वरणभातावर घेत. घरात चार माणसांचा आवाज झाला की मी चेकाळायची. एका शुक्रवारी मी मुद्दाम विषय काढला. मला वाचून ठाऊक होतं की चारशे वर्षांपूर्वी जपानचं सैन्य कोरियात उतरलं होतं. मी परीक्षकासारखं विचारलं, "मग तुमच्यात युद्धशास्त्र कुणाचं वरचढ?"

साकाईसान म्हणाले, "जगाला वाटतं आम्ही तलवारवाले. पण आमचे जुने सरदार घोड्यावरून बाण मारायचे, माणसापेक्षा उंच धनुष्यानं. तलवार नंतर डोक्यावर बसली. मग आपसांत लढण्यात आमची खूप वर्षं गेली, भाले आले, बंदुका आल्या. शेवटी सवय लागली ती जवळ जाऊन निकाल लावायची."

"आणि तुमच्यात?" मी हानसाहेबांकडं वळले.

हानसाहेबांनी लोणच्याची बरणी टेबलाच्या मध्यावर ठेवली. हा डोंगर. "आमच्यात डोंगरावर तट. शत्रू आला की गाव रिकामं करायचं, धान्य उचलायचं, वर जायचं. शत्रूला मिळतं रिकामं शेत. तटावरून बाण. तट आहे तोवर आम्ही बरे. एकदा ते जवळ आले की आमची पंचाईत. जमिनीवर ते जवळ आले." मग त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि एकीवर पापड झाकला. "पाण्यावर उलटं झालं. ह्यांना आमच्या जहाजावर उडी मारून तलवारीनं लढायचं होतं. आम्ही उडीच्या अंतरावर येऊच दिलं नाही. लांबून तोफा. काही जहाजांना वरून छप्पर, छपरावर खिळे. उडी मारली तरी बसणार कुठं?"

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या हो. मग गनिमी काव्यावर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. किल्ले आमच्याकडंही होते, रिकामी शेतं आमच्याकडंही होती, जणू मी स्वतः गडावर पहाऱ्याला होते. आणि शेवटी, क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारलं, "मग जिंकलं कोण?"

साकाईसान ताटाकडं बघत होते. हानसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, लढायला ते आले होते. आम्ही गेलो नव्हतो."

साकाईसाननी भाताचं भांडं उचललं, स्वतःच्या हातानं हानसाहेबांना वाढलं, आणि बसल्या बसल्या मान खाली लववली. हानसाहेबांनी वाढू दिलं. आणि ती एम.ए. झालेली बाई मनात म्हणत होती, ह्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही!

"आमटी वाढ," हे म्हणाले. मी गप्प व्हावं म्हणून म्हणाले, हेही मला वर्षांनंतर कळलं.

त्याच दिवशी हानसाहेबांनी एक मजेचा बाण दाखवला होता. पिटुकला, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल न येईल एवढा. एवढ्या आखूड बाणाला दोरी ओढायची कशी? तर बांबूची उभी चिरलेली अर्धी नळी धनुष्याला लावायची आणि तिच्यातून सोडायचा. लांब जातो, जोरात जातो, येताना दिसत नाही. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," हानसाहेब म्हणाले, "शत्रूला तो उचलून परत मारता येत नाही. त्याच्याकडं नळी नसते."

मी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. कारण तो बाण माझ्या ओळखीचा होता. त्याचं नाव होतं "बघू".

आमच्या घरात त्या हंगामात युद्ध चालू होतं. पुण्याच्या एका कॉलेजात मला नोकरी मिळत होती. इतिहास शिकवायची. मला जायचं होतं, किंवा मला कुणीतरी 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं. दोन्हींपैकी काय, ते त्या बाईला कळत नव्हतं. पद्धत मात्र पक्की साकाईसानांची. आधी ओरडायचं, मग मारायचं. "मी आता बोलणार आहे हं! आज सोक्षमोक्ष लावणार आहे!" असं म्हणून कमरेला पदर खोचायची. हे वर्तमानपत्रातून मान काढायचे. "बघू." "असेल." "आत्ता नको." प्रत्येक बाण पिटुकला, आणि एकही परत मारता यायचा नाही. 'असेल'ला काय उत्तर देणार? सांगा ना.

शेवटी मी तलवार पार डोक्यावर धरली. "साइटवरून परत याल तेव्हा उत्तर हवं. हो की नाही."

"बघू," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी साइटच्या तंबूत राहायला गेले. वाळवंटात, लांब. गाव रिकामं, धान्य वर, आणि शत्रू रिकाम्या शेतात उभा. मी स्वतःशी म्हणायची, नवरा मराठी, पण लढतो कोरियन.

ते दिवस फार एकटे गेले. मी एकटीसाठी कुकर लावायची आणि शिट्ट्या मोजायची विसरायची. साकाईसान मस्कतला गेलेले, हानसाहेब साइट आणि वादी. माझ्या तलवारीला समोर कुणी नव्हतं. आठवडाभरानं बाजारातल्या मलबारी दुकानदाराचा निरोप आला, साहेबांचा फोन येणार आहे. त्याच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी रिसीव्हर कानाला लावला. खरखर, शिट्टी, आणि लांबून ह्यांचा आवाज.

"अगं… खलास…"

आणि लाइन तुटली.

आता तुम्ही सांगा, उत्तराची वाट बघणाऱ्या बाईनं 'खलास'चा काय अर्थ घ्यायचा? मी एकदम दोन्ही घेतले. अरबी अर्थानं संसार संपला आणि मराठी अर्थानं मी मेले. दुकानदार म्हणाला, "चेची, पानी?" चेची म्हणजे त्यांच्याकडची ताई. मी पाणी नाकारून ताठ मानेनं घरी आले. घरी येऊन भरपूर रडले, आरशासमोर, कारण रडताना आपण कशा दिसतो हे त्या बाईला पाहायचं असे. मग बॅग भरली. मस्कतला निघालेल्या एका कुटुंबाच्या गाडीत जागासुद्धा सांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात साइटची पिकअप. पठाण ड्रायव्हर उतरला.

"भाभी, साहब ने खलास भेजा है."

"मालूम है," मी म्हटलं. "कल सुन लिया."

"सुन लिया?"

"हां. फोन पे. एक ही बार में समझ गई मैं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं पाहिलं, आणि फार काळजीनं, लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "भाभी, ये सुनने का नहीं है. खाने का है."

आणि गाडीच्या मागून खजुराची पेटी काढून माझ्या बॅगेवर ठेवली. साइटजवळच्या कुठल्याशा बागेत पहिला खलास उतरला होता. बागेच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, साहेबांना चाखायला दिला, आणि साहेबांनी तो आधी घरी पाठवला. फोन त्यासाठी होता.

मी बॅगेवर बसले आणि खजूर खाल्ले. किती, ते विचारू नका. रडून झालेलं असलं की गोड फार लागतं.

पण हो की नाही, ते राहिलंच. हे परत आले तेव्हा बॅग अजून दाराशी होती. मी ती हलवली नव्हती. एवढा बाणा होता. ह्यांनी पाहिली. तिला वळसा घालून आत गेले, हातपाय धुतले आणि हानसाहेबांबरोबर वादीत निघाले. ह्या वेळी मीही चपला घातल्या आणि मागून निघाले. हमला बाहेरच करू, असा विचार.

वादीत हमला करायला जागाच नव्हती. हानसाहेब धनुष्य ओढत होते, आणि तिथं कुणी बोलायचं नाही अशी रीत. लांबवर एक फळी उभी केलेली. बाण जायचा, आवाज फार उशिरा यायचा. ऊन उतरत होतं, दगड अजून तापलेले. सगळे बाण सुटल्यावर हानसाहेबांनी धनुष्य खाली घेतलं, फळीकडं बोट केलं आणि म्हणाले, "आता चालायचं." त्यांच्याकडं अशी पद्धत, की सोडलेले बाण सगळ्यांनी मिळून चालत जाऊन वेचायचे. ज्यानं मारले त्यानं, बघणाऱ्यांनीही. एवढ्या लांबून लढायचं, आणि मग ते सगळं अंतर पायानं चालायचं! मला हसू आलं. हानसाहेब मुद्दाम पुढं निघून गेले. आम्ही दोघं शेजारी शेजारी. दगडांमुळं दोघांचीही नजर खाली.

आणि हे बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा, मी न विचारता.

"तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. फक्त एकट्यानं जेवायची सवय राहिली नाही आता. एवढंच."

माझ्याकडं बघितलं नाही. पुढं फळीकडं बघत म्हणाले. मी इतके दिवस समोर उभी राहून विचारत होते, आणि ह्या माणसाला समोर उभं राहिलं की बोलताच यायचं नाही. शेजारून चालावं लागायचं. एवढा साधा नकाशा होता, आणि सर्व्हे इंजिनिअरच्या बायकोला तो वाचता आला नव्हता. मी वाकून एक बाण उचलला. तेव्हा पुन्हा हेच बोलले,

"त्या बॅगेत माझे शर्ट आहेत का? साइटवर नव्हते, कपाटात पण नाहीत."

होते. रागाच्या भरात इस्त्रीचा गठ्ठा तसाच्या तसा कोंबला होता. माझ्या साड्यांच्या मध्ये ह्यांचे तीन शर्ट.

"चुकून गेले असतील," मी म्हटलं.

"असतील," हे म्हणाले.

मी राहिले. कॉलेजात दुसरं कुणीतरी गेलं. तिनं चांगलंच शिकवलं असेल. मी नंतर मस्कतच्या शाळेत मुलांना इतिहास शिकवला, आणि लढाई आली की जिंकलं कोण हा प्रश्न शेवटी घ्यायची. पाइपलाइन पुरी झाल्यावर साकाईसान गेले, हानसाहेब गेले. पत्ते घेतले होते, पत्रं आधी लांबली आणि मग थांबली. दोघं असतील का आता? हे तर नाहीतच. चार वर्षं झाली.

साकाईसाननी मला तलवारीतली एक गोष्ट सांगितली होती. घाव घातला की खेळाडूनं लगेच हात टाकायचा नाही, आनंदानं नाचायचं तर मुळीच नाही. नाचला तर गुण जातो. तलवार धरून, समोरच्यावर लक्ष ठेवून तसंच उभं राहायचं. त्यासाठी त्यांच्यात शब्द आहे, त्याचा अर्थ म्हणे 'उरलेलं मन'. तेव्हा मी तो शब्द पाठ केला होता, शुक्रवारी फेकायला. आता शब्द विसरले आणि अर्थ तेवढा राहिला. मी चार वर्षं तशीच उभी आहे. समोरचा निघून गेला, हे हाताला कळतच नाही. भाजी चिरताना तोंडून जातं, "ऐकलंत का?" आणि घरात कुणी असलंच तर ते कानात काही घालून बसलेलं असतं.

सानवी मात्र काढायची. कानातलं काढून विचारायची, "काय गं आजी, आजोबांशी भांडतेयस?" शाळेतून आल्यावर मी आणि ती, दोघी जेवायचो. तिचं अर्धं इंग्रजी, माझी पूर्ण बडबड. ती शाळा संपली. आता त्या दाराआड ती कोरियन भाषेचे धडे ऐकते, भिंतीतून मला ऐकू येतात. दार म्हणजे तिचा डोंगरी किल्ला, 'ओके', 'नंतर' हे पिटुकले बाण. पोरगी तिकडं शिकायला कशाला चालली आहे, मला कळत नाही. तिला सगळं येतंच.

परवा खजूर खाता खाता माझ्या मनात आलं, नळी आपणही वापरून बघू. फोन घेतला, चष्मा लावला, आणि शेजारच्या खोलीत एकच शब्द पाठवला. मराठी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं ती सावकाश वाचते.

"खलास."

वाचायला लागला असेल तेवढाच वेळ. दार धाडकन उघडलं. पोरगी अनवाणी धावत आली, तोंड पांढरं.

"आजी! व्हॉट हॅपन्ड? तू… तू बरी आहेस ना?"

मी टॉवेल पांघरून, तोंडात बी घोळवत बसलेले.

"मला काय झालंय?"

"तू लिहिलंस खलास! बाबा म्हणतात ना, तो खलास झाला म्हणजे… मला वाटलं… ओ गॉड, आजी!"

"मग मेलेली माणसं मेसेज करतात होय? घे. खजूर आहे. ह्या जातीचं नाव खलास."

"दॅट्स नॉट फनी," ती म्हणाली, आणि खजूर घेतला. दुसराही घेतला. खाली बसली, माझ्या पायाशी. बराच वेळ बी तोंडातच ठेवून होती. मी काही बोलणार होते, समोरून, आणि जीभ चावली.

"चल," मी म्हटलं, "खाली चालून येऊ."

"आत्ता? फॉर्टी टू आहे बाहेर."

"ऊन उतरलंय. चल."

हमरियाच्या गल्लीत चालणं म्हणजे वादीत चालण्यासारखंच, नजर पायाशी ठेवावी लागते. तुटलेल्या फरशा, कार्गोवाल्याची खोकी, एसीचं ठिबकणारं पाणी. शिंप्याच्या दुकानातून वाफ येत होती. दोघी शेजारी शेजारी. मी समोरच्या मशिदीच्या मिनाराकडं बघत होते. ती कशाकडं बघत होती माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही.

"तू जा," मी म्हटलं. "मी भिंतींचं बोलले ते खोटं होतं. भिंती काही ऐकत नाहीत. फक्त, एकटीनं जेवायची सवय राहिली नाही मला. एवढंच."

दोन दुकानं गेली. मग ती म्हणाली, "मी रोज कॉल करीन ना. जेवताना."

"तुझं घड्याळ पाच तास पुढं. तू रात्री जेवायला बसशील तेव्हा माझा दुपारचा चहा पण झालेला नसेल."

"मग तू चहा पी. मी जेवते." एक खोकं ओलांडून म्हणाली, "आणि तू बोल. मी ऐकीन."

"मराठीत?"

"ट्राय करीन."

वर आल्यावर ती अंघोळीला गेली. उरलेले खजूर वाटीत घालून मी तिच्या खोलीत ठेवायला गेले. बॅग जमिनीवर उघडी होती. जीन्स, जाड मोजे, कोरियन शिकायची पुस्तकं, आणि त्यांच्या मध्ये, नीट घडी घालून, माझी निळी शाल.

मी वाटी टेबलावर ठेवली, दार होतं तसं लोटलं आणि बाहेर आले.

रात्री जेवताना एसीचा झोत नेमका माझ्या पाठीवर येत होता. मी टॉवेल आवळून घेतला. मुलगा म्हणाला, "आई, टॉवेल काय? तुझी शाल कुठंय?"

समोर सानवी पोळीचा तुकडा मोडायची थांबली.

"बघू," मी म्हटलं. "सापडेल."